नवीन वर्षाचा लेखनसंकल्प: यंदा तरी २० जानेवारीच्या पुढे जाईल का?

उंबरो | २७ डिसेंबर २०२५, रात्री १०:५२

मंडळी, काल माळा साफ करताना माझ्या तीन डायऱ्या सापडल्या, २०२३, २०२४ आणि २०२५ च्या. तिन्हींच्या पहिल्या पानावर वेगवेगळ्या रंगाच्या पेनाने एकच ओळ आहे: "यंदा कुर्डीची कादंबरी पूर्ण करणे." खाली दोन रेघा, म्हणजे मी किती सिरीयस होते बघा. २०२३ मध्ये जानेवारीची १९ पानं भरलीत, २०२४ मध्ये ६, आणि २०२५ मध्ये त्या ओळीनंतर थेट मार्चमध्ये ब्लाऊजचं माप आणि गॅसवाल्याचा नंबर. नवऱ्याला दाखवलं तर म्हणतो डायऱ्या विकत घेणं बंद कर, तेवढी तरी बचत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कुर्डी म्हणजे गोव्यात सांगे तालुक्यातलं माझ्या आईचं माहेर, साळावलीच्या धरणात गेलं. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव ते हेच. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की मे महिन्यात गाव वर येतं, घरांचे चौथरे, विहिरी, सोमेश्वराचं देऊळ, आणि जुने गाववाले तिथे उत्सवाला जमतात, मग पाऊस लागला की परत सगळं खाली. आजी आता ८७ वर्षांची आहे, वालकिणीला मामाकडे असते (गावातल्या बऱ्याच लोकांचं पुनर्वसन तिथेच झालं). मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर गावात धरणाचं सांगायला आले होते तिथपासून ते घर मोडून नेलं तिथपर्यंत तिला सगळं आठवतं, म्हणजे आठवायचं, हल्ली एकच गोष्ट दोनदा सांगते आणि दुसऱ्या वेळी नावं बदललेली असतात. माझ्या फोनमध्ये तिची ११ रेकॉर्डिंग्स आहेत. लिहून झालंय ते एवढं की सांगायला लाज वाटते.

नोकरी पणजीत, राहते फोंड्याला, मुलगा यंदा दहावीला. सकाळची कदंबा बस आणि संध्याकाळची कदंबा यांच्या मध्ये बँक. वेळ नाही असं म्हणणार नाही, रील्स बघायला मिळतो तेवढा वेळ आहेच.

तर विचारायचंय हे की तुम्ही लिहिणारे लोक संकल्प कसा ठरवता, आणि मुख्य म्हणजे २० जानेवारीनंतर काय करता?

खतखतें | २७ डिसेंबर, रात्री ११:१५

पहिला प्रश्न, नवीन वर्ष कुठलं? आपला संवसार पाडवो (गुढीपाडवा) १९ मार्चला आहे. तोपर्यंत लिहिलं नाहीस तरी संकल्प मोडला असं होत नाही. मी गेली आठ वर्षं याच पद्धतीने जगतो. पाडवा झाला की म्हणतो आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं.

मांडवीकाठी | २८ डिसेंबर, सकाळी ७:४०

उंबरो, तुझी ती ओळच चुकीची आहे गं. "कादंबरी पूर्ण करणे" हे काम नाही, तो निकाल आहे. मुलाला आपण "दहावीत ९० टक्के मिळव" एवढंच सांगून सोडून देतो का? रोज संध्याकाळी टेबलापाशी बस असं सांगतो. टक्के काय पडायचे ते पडतील, बसणं त्याच्या हातात आहे.

मी स्वतः एकदा ते नोव्हेंबरवालं नॅनोरायमो करून बघितलं होतं, ३० दिवसांत ५०,००० शब्दांची कादंबरी. १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या काही मित्रांनी हौस म्हणून सुरू केलं आणि जगभर पसरलं, यंदा मार्चमध्ये त्या संस्थेने दुकान बंद केल्याचं जाहीर केलं. हिशेब असा की रोज १,६६७ शब्द. आणि महिना कुठला, तर नोव्हेंबर! आपल्याकडे दिवाळी कधी ऑक्टोबरच्या शेवटी कधी नोव्हेंबरात, फराळ, पाहुणे, मुलगा रात्रभर नरकासुराच्या पुतळ्याच्या मांडवात, तुळशीचं लग्न, त्यात मी १,६६७ शब्द लिहिणार. नवव्या दिवशी मी ७,००० शब्दांनी मागे होते आणि दहाव्या दिवशी फाईल उघडायचीच भीती वाटायला लागली. एकदा उधारी वाढली की माणूस त्या दुकानावरून जायचं टाळतो ना, तसं झालं.

त्यानंतर मी शब्द मोजणं सोडलं आणि वेळ मोजते. १५ मिनिटं. स्वयंपाकघरातलं टायमर, कुकरच्या शिट्ट्या मोजायला आणलेलं. वाजलं की वाक्य अर्धं असलं तरी उठायचं, उलट अर्धंच सोडायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी कुठून सुरू करायचं हा प्रश्न उरत नाही. माझे १५ मिनिटांत साधारण १५० शब्द होतात. आठवड्याचे पाच दिवस धरले तर मेअखेरपर्यंत २१ आठवडे, म्हणजे पंधरा हजारांच्या वर. हातात काहीच नसण्यापेक्षा पंधरा हजार बरे की नाहीत?

रंगपट | २८ डिसेंबर, दुपारी १:०५

मी कादंबरीवाला नाही, आमच्या देवळाच्या उत्सवाला नाटकं लिहितो, आजवर सात झाली. तुम्हा लोकांचं बघून मला नेहमी आश्चर्य वाटतं की तुम्ही तारीख स्वतःच ठरवता आणि स्वतःच पुढे ढकलता. आमच्याकडे तारीख देवाने ठरवलेली असते. जत्रेच्या रात्री पालखी झाली की साडेअकराला पडदा वर जायचा म्हणजे जायचा, समोर अख्खा गाव, पहिल्या रांगेत अध्यक्ष आणि मागे शेंगदाणेवाला. नाटक लिहून झालं नाही असं सांगायला कोण जाणार?

दोन वर्षांमागची गोष्ट, तिसरा अंक लिहून व्हायचा होता आणि पहिल्या अंकाची तालीम सुरू झाली होती. आमचा नायक वीज खात्यात लाईनमन, तो तालमीला आला की पहिलं विचारायचा, "मास्तर, मी शेवटी मरतो की जगतो? म्हणजे तसं बोलायला बरं." रोज विचारायचा. शेवटी मी त्याच्या तोंडासाठी म्हणून एका रात्रीत तो अंक संपवला (जगवला त्याला, पुढच्या वर्षी वर्गणीचं काम त्याच्याकडेच होतं).

सांगायचं काय की तुला संकल्प नको, तुला लाईनमन पाहिजे. पुढचं पान मागणारा कोणीतरी. तुझ्या बाबतीत तर तो घरातच आहे. दर रविवारी वालकिणीला जा नाहीतर फोन लाव आणि लिहिलेलं आजीला वाचून दाखव. आणि तारीखही आयती आहे, मे महिना. धरणाचं पाणी तुझ्यासाठी थांबत नाही आणि तू म्हणालीस म्हणून लवकरही उतरत नाही.

खतखतें | २८ डिसेंबर, दुपारी १:२०

मास्तर, तुमच्या त्या नाटकाला मी होतो, तो मेला असता तर बरं झालं असतं.

नाईटड्युटी | २८ डिसेंबर, दुपारी ३:३०

वॉर्ड शांत आहे म्हणून लिहितेय. ते २१ दिवसांत सवय लागते वगैरे सगळीकडे फिरत असतं त्यावर विश्वास ठेवू नका. त्याचं मूळ १९६० मधलं, एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनचं निरीक्षण होतं की पेशंटला आपल्या नवीन चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात. निदान हा शब्द पुढे गळला आणि चेहऱ्याच्या जागी सगळंच आलं. नंतर लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर १२ आठवडे अभ्यास केला, त्यात एखादी गोष्ट अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवस आला. पण खरी गंमत पुढे आहे, कमीत कमी १८ आणि जास्तीत जास्त २५४ असा अंदाज निघाला. म्हणजे तुम्हाला ६६ च लागतील असं काही नाही. आणि ती कामंसुद्धा जेवताना पाणी पिणं, फळ खाणं, जेवणाआधी पळायला जाणं असली होती, कादंबरी नव्हे.

त्यातली मला उपयोगी पडलेली गोष्ट एकच, मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. आपण काय करतो, एक दिवस चुकला की संपलं, आता पुढच्या वर्षी. उंबरोची १९ पानं तिथेच अडकली असतील, २० तारखेला काय झालं होतं आठवतंय?

दुसरं म्हणजे वेळ घड्याळाला बांधू नका, मला तर शिफ्टमुळे जमतच नाही. कशाच्या तरी मागे बांधा. अमुक झालं की तमुक. माझं असं आहे की ड्युटीवरून घरी आले, युनिफॉर्म भिजत घातला, की ओल्या हातानेच वही उघडायची. मग सकाळचे ८ असोत नाहीतर रात्रीचे १०.

खतखतें | २८ डिसेंबर, संध्याकाळी ६:००

हिशेब केला. १ जानेवारीपासून ६६ वा दिवस ७ मार्च. आणि २५४ वा दिवस ११ सप्टेंबर, म्हणजे गणेश चवथीच्या बरोबर तीन दिवस आधी. सवय लागली रे लागली की गणपतीवरची माटोळी बांधायला चला.

उंबरो | २८ डिसेंबर, रात्री ९:३०

@नाईटड्युटी, तुम्ही विचारलंत म्हणून परत डायरी काढली. २० जानेवारी २०२३ ला काही झालं नव्हतं. कोणी आजारी नाही, पाहुणे नाहीत. झालं काय ते १९ च्या पानावर दिसतं. तिथे आजी घर मोडल्याचं सांगते तो भाग आला. रेकॉर्डिंगमध्ये ती म्हणते, "नळे मेजून देंवयले, एकूय फुटूंक दिवंक ना." मी लिहिलंय, "आम्ही छपराची कौले मोजून खाली उतरवली, एकही फुटू दिले नाही." खोडलंय. मग "कौलं" केलंय. खोडलंय. मग "नळे" आणि बाजूला प्रश्नचिन्ह. आणि पुढे पान कोरं.

म्हणजे आळस आहेच, पण खरं कारण हे आहे बहुतेक. आजी बोलते ते ऐकू येतं आणि मी लिहिते ते बँकेचं परिपत्रक वाटतं.

आंबाडो | २८ डिसेंबर, रात्री ९:५०

मग कोकणीतच लिही ना बाय. आजी कोकणी, गाव कोकणी, तूही घरी कोकणीच बोलत असणार. मराठीचा अट्टहास कशाला?

जुनी_वही | २८ डिसेंबर, रात्री १०:२०

अट्टहास कसला? या गोव्यात आमच्या आजीने पोथी मराठीत वाचली, आम्ही शाळा मराठीत शिकलो, देवळात नाटकं मराठीत होतात, पेपर मराठीत येतो. बोलतो कोकणी आणि लिहितो मराठी असं असणारी हजारो घरं आहेत इथे, त्यात कोणाला कसली लाज वाटायचं कारण नाही.

आंबाडो | २८ डिसेंबर, रात्री १०:३५

लाज कोण म्हणाला? माजोर्ड्याचे दामोदर मावजो बघा, दुकान चालवत चालवत कोकणीतच लिहीत राहिले आणि ज्ञानपीठ मिळवलं. त्यांनी काय गिऱ्हाईक आलं म्हणून लिहिणं सोडलं?

जुनी_वही | २८ डिसेंबर, रात्री १०:४१

तो मुद्दा वेगळा आणि भाषेचा वेगळा, १९८५ साली सुद्धा लोक हेच

व्यवस्थापक | २८ डिसेंबर, रात्री ११:०२

थांबा. हा वाद या धाग्यावर नको, त्यासाठी दुसरा धागा आहे, ४१२ प्रतिसाद झालेत, तिकडे जा. पुढचे ६ प्रतिसाद उडवले आहेत.

रंगपट | २९ डिसेंबर, सकाळी ८:१५

उंबरो, भांडण बाजूला ठेव, आमच्या धंद्यातलं सांगतो. तू भाषांतर करतेयस म्हणून अडतेयस. आजीची वाक्यं आहेत तशी ठेव, कोकणी. भोवतीचं निवेदन तुझं, ते मराठी. आमच्या नाटकात गडी आणि म्हातारी बेलाशक कोकणी बोलतात आणि राजा मराठी, गावातल्या एकाही प्रेक्षकाने आजवर तक्रार केलेली नाही. कोल्हापूरच्या वाचकाला "मेजून" कळलं नाही तर पुढच्या वाक्यात "मोजताना" येऊ दे, तो हुशार असतो. आणि कौलं नव्हेच ती, नळे म्हणजे ते हाताने केलेले गोल, कौलं नंतर मंगळूरहून आली, तेव्हा तुझं प्रश्नचिन्ह बरोबर होतं.

जुनी_वही | २९ डिसेंबर, सकाळी ११:३०

कालच्या प्रकाराबद्दल क्षमस्व. शिक्षकी पेशातली खोड, जात नाही.

संकल्पाबद्दल माझा अनुभव: मी निवृत्त झालो तेव्हा ठरवलं की आता वेळच वेळ, रोज चार तास लिहायचं. एक वर्ष झालं, आठ पानं. नोकरीत असताना मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये पेपर तपासायच्या गठ्ठ्याखाली वही लपवून वर्षाला चार-पाच कथा व्हायच्या. म्हणून मी आता मुद्दाम पाट्टोवरच्या सेंट्रल लायब्ररीत जातो, सकाळच्या बसने, डबा घेऊन. घरी बसलो तर नारळ पाडणारा येतो, गॅसवाला येतो, कुत्रा भुंकतो. तिथे गेलं की दुसरं करण्यासारखं काही नसतं, पेपर वाचले की तेही संपतात.

आणखी एक, मूळ प्रत कोणाला देऊ नका. माझी एक दीर्घकथा एका दिवाळी अंकाने मागवली, हस्तलिखित दिलं, अंक काही निघालाच नाही आणि संपादक म्हणाले घर बदललं त्यात गेलं असेल. २२ फुलस्केप पानं. झेरॉक्सचे त्या वेळी बावीस रुपये वाचवले होते मी.

तारवटी | ३० डिसेंबर, रात्री १:१०

जहाजावरून लिहितोय, नेट आज आहे उद्या नसेल. मी मुरगावचा, इंजिनरूममध्ये. आठ महिने पाणी नि चार महिने घर असं आयुष्य.

मागच्या कॉन्ट्रॅक्टला मी फोनवर लिहायचो, नोट्समध्ये, कुठेही सेव्ह न करता कारण नेटच नाही. जवळजवळ ४० दिवसांचं होतं. फोन खिशातून घसरला तो दोन ग्रेटिंगवर आपटत खाली बिल्जमध्ये, तेलपाण्यात. काढला, पुसला, तांदळात ठेवला, कुकने तांदूळ वाया घालवले म्हणून शिव्या घातल्या, फोन काही परत बोलला नाही. आता वही. शंभर पानी, लॉगबुकासारखी तारीख वार टाकून, आणि बंदर आलं की पानांचे फोटो काढून बायकोला पाठवतो. ती वाचते. एकदा तिने नुसतं एवढंच लिहिलं की "त्या फिलिपिनो कुकचं पुढे काय झालं?" त्या एका मेसेजवर मी तीन आठवडे लिहिलं. रंगपट म्हणतात तो लाईनमन हाच असावा.

संकल्प माझा साधा आहे, वॉच संपली की आंघोळ, आंघोळ झाली की एक पान. पान भरलंच पाहिजे असं नाही, तारीख तरी पडली पाहिजे. नुसती तारीख असलेली पानंही खूप आहेत, परवा मोजली तर ३१. वाईट वाटत नाही, त्या दिवशी समुद्र कसा होता ते आठवतं.

पावसाळी_बेडूक | ३० डिसेंबर, सकाळी १०:००

थोडं अवांतर, टाइप कशात करता तुम्ही लोक? मी मोबाईलवर गूगलच्या कीबोर्डवर बोलून लिहिते, मराठी बरं उमटतं पण माझं फोंडा साईडचं मराठी ऐकून तो "सोप्यावर" चं "सोफ्यावर" करतो. आजी सोफ्यावर बसून तांदूळ निवडते असं झालंय माझ्या कथेत.

मांडवीकाठी | ३० डिसेंबर, सकाळी १०:२५

युनिकोडमध्येच कर काय ते. आमच्या इथल्या प्रेसवाल्याने माझा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये घेतला आणि परत पाठवला तेव्हा सगळी जोडाक्षरं फुटलेली, रफार भलत्याच अक्षरावर. दोन रात्री गेल्या नीट करण्यात. आणि उंबरो, पहिला खर्डा टाइप करूच नकोस, हाताने लिही, टाइप केलं की लगेच दुरुस्त करावंसं वाटतं.

खतखतें | ३१ डिसेंबर, दुपारी ४:१५

उंबरोच्या सोयीसाठी गोव्याचं लेखन-पंचांग २०२६ सादर. जानेवारी: बोडगेश्वराची जत्रा तोंडावर आलीच आहे, मग गावोगावच्या जत्रा, लिहिणं नाही. फेब्रुवारी: कार्निव्हल, पणजीत ट्रॅफिक, बसमध्येच दोन तास, तिथे लिही. मार्च: मुलाची दहावी, शिगमो. एप्रिल: काजू, उकाडा, लग्नं. मे: पाहुणे, आंबे, पुरुमेंत (पावसाळ्याची साठवण). यंदा ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून, म्हणजे लग्नं नाहीत, म्हणजे तुला एक महिना बोनस. जून ते ऑगस्ट: पाऊस, वीज नाही, टीव्ही नाही, गोव्यात ज्याने काही लिहिलं त्याने याच तीन महिन्यांत लिहिलं असणार. सप्टेंबर: चवथ, विषय संपला.

नाईटड्युटी | ३१ डिसेंबर, संध्याकाळी ५:००

हसू नका, पण हे वाटतं तितकं वाईट नाही. माझ्या रोस्टरसारखंच आहे. कुठले दिवस जाणार हे आधी माहीत असलं तर ते चुकले असं होत नाही, ते सुट्टीचे दिवस. उंबरोने मार्च सरळ खोडून टाकावा.

उंबरो | ३१ डिसेंबर, रात्री ११:२०

बाहेर पोरं ओल्ड मॅनला (सरत्या वर्षाचा पुतळा) घेऊन रस्ता अडवून बसलीत, आमच्या वाड्यावरच्या ओल्ड मॅनला यंदा माझ्या नवऱ्याचीच जुनी पँट आहे. बारा वाजता पेटवणार. तोपर्यंत ठरवलेलं लिहून टाकते, उद्या पलटी मारायला नको.

कादंबरी हा शब्द डायरीत लिहिणार नाही. सकाळी पोदेराचा भोंपू वाजला की खाली जाऊन पाव घ्यायचे, चहा गॅसवर ठेवायचा आणि चहा होऊन पोरगा उठेपर्यंत ओट्यापाशी उभ्यानेच लिहायचं, साधारण १५ मिनिटं मिळतात. वही ओट्यावर पोळपाटाच्या मागे. सोमवार ते शुक्रवार. दर रविवारी आजीला फोन करून वाचून दाखवायचं, तिच्या वाक्यांना हात लावायचा नाही. मार्च खोडला. मेमध्ये पाणी उतरलं की वही घेऊन कुर्डीला जायचं, तोपर्यंत जेवढं झालं तेवढं. बस. एवढंच.

रंगपट | ३१ डिसेंबर, रात्री ११:३१

आणि २० जानेवारीला इथे येऊन हजेरी लाव. आम्ही आहोत मागच्या रांगेत, शेंगदाणे घेऊन.

उंबरो | २१ जानेवारी २०२६, रात्री १०:०५

हजेरी. काल लावायची होती, विसरले, म्हणजे काल लिहायचं विसरले नाही, इथे यायचं विसरले.

१५ दिवसांपैकी ११ दिवस लिहिलं. दोन दिवस पोदेरच आला नाही (त्याच्या घरी लग्न), तर माझा मेंदू म्हणाला भोंपू नाही तर लिहिणं नाही, बघा किती लबाड असतो माणूस. एक दिवस दूध उतू गेलं कारण मी लिहीत राहिले, नवऱ्याने ओटा पुसला आणि काही बोलला नाही, हे मी प्रगतीत धरतेय. न लिहिलेले बाकीचे दोन दिवस नुसता आळस.

वहीची २४ पानं झाली, सुमारे १,९०० शब्द. आजीला तीन रविवार फोन केला. पहिल्यांदा तिला वाटलं मी पेपर वाचून दाखवतेय. दुसऱ्यांदा तिने मामीला बोलावून बसवलं. परवाच्या रविवारी मामा म्हणाला, सकाळपासून विचारतेय, बायचो फोन आयलो?

तारवटी | २४ जानेवारी, पहाटे ४:४०

लाईनमन मिळाला.

पावसाळी_बेडूक | २४ जानेवारी, सकाळी ९:१०

मी १० तारखेलाच सुटले. रोज ५०० शब्द ठरवले होते, मांडवीकाठींचं ऐकायला हवं होतं. १५ मिनिटांवर आजपासून परत. सोफा मात्र काढला कथेतून.

उंबरो | १६ फेब्रुवारी, रात्री ९:४५

एक घोळ झालाय, सल्ला द्या.

घर मोडल्याचा भाग लिहून झाला एकदाचा, तोच १९ च्या पानावरचा. कसा लिहिलाय ते थोडक्यात सांगते. आजोबा छपरावर, गडी शिडीवर, नळे एका हातातून दुसऱ्या हातात खाली येतायत, आणि आजोबा दर वीस नळ्यांमागे भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढतायत. ट्रक वाटेवर उभा. आजी माजघरात भांडी बांधतेय आणि तिला वरचा उजेड हळूहळू वाढताना दिसतोय, आधी चुलीवर, मग देवाच्या खोलीत, जिथे कधीच ऊन आलं नव्हतं. मला स्वतःला आवडला होता. दोन आठवडे लागले, आणि उजेडाचं आजीनेच रेकॉर्डिंगमध्ये सांगितलंय, बाकीचं मी जुळवलं.

काल रविवार, वाचून दाखवलं. ती ऐकत होती, मध्ये एकदा "हां" म्हणाली. कोळशापाशी आले आणि तिने थांबवलं. "कोळश्यान न्हय गो बाय, पानाच्या चुन्यान." बरं, म्हटलं, चुना. मग थोडा वेळ काही बोलली नाही, मला वाटलं लाईन गेली. मग म्हणाली, "आनी कोण मेजतालो? हांव."

आजोबा त्या दिवशी गावात नव्हतेच. नुकसानभरपाईच्या कागदांसाठी सांग्याला गेले होते, संध्याकाळी आले तेव्हा वरचं छप्पर संपलं होतं. भिंतीपाशी उभं राहून मोजलं तिने, पानाच्या पेटीतला चुना अंगठ्याला लावून. ११ रेकॉर्डिंग्समध्ये हे कुठेच नाही कारण मी कधी विचारलंच नाही, मी धरूनच चालले होते की मोजणारे आजोबा.

आता अख्खा भाग आजोबांच्या नजरेतून आहे. आणि त्याच्या आधीचेही दोन. ४,३०० शब्द होते, त्यातले निम्मे तरी जाणार. मे यायला आता अडीच-तीन महिने, त्यात मार्च खोडलेला. करू काय? पुढे लिहीत जाऊ आणि नंतर दुरुस्त करू, की आत्ताच मागे फिरू?

जुनी_वही | १६ फेब्रुवारी, रात्री १०:१०

पुढे जा. मागे फिरलात तर पहिलं प्रकरणच वर्षभर घासत बसाल, मी बसलोय.

रंगपट | १६ फेब्रुवारी, रात्री १०:२५

मी उलट सांगेन. तिसऱ्या अंकात खुनी कोण हे बदललं तर पहिला अंक तसाच ठेवून तालीम करता येत नाही. पण तू एक कर, लिहू नकोस, आधी परत विचार. त्या दिवशी आणखी कोण होतं, जेवण कुठे शिजलं, ट्रकवाला कोण. आजीला आज आठवतंय. शब्द उन्हाळ्यात पण होतील.

नाईटड्युटी | १७ फेब्रुवारी, पहाटे २:५५

रंगपट बरोबर बोलतायत. या वयात आजचं आज विचारून घ्यावं, एवढंच सांगते, रोज बघते.

उंबरो | २२ फेब्रुवारी, रात्री ८:३०

आज फोन नाही केला, गाडी काढून वालकिणीलाच गेले. पोरगा अभ्यास सोडून बरोबर आला, म्हणाला मी रेकॉर्ड करतो तू विचार. दीड तास. बारावं रेकॉर्डिंग.

मोजणीचा आकडा तिला अजून पाठ आहे, रेघा १४३, वर सात नळे. आणि पोरगा हिशेब करायच्या आत तीच म्हणाली, वीसचें एक, मेज तूं.

वहीतले आजोबांचे दोन भाग काढून पिनेने बांधून ठेवलेत. शब्द आता २,२०० च्या आसपास. उद्या सोमवार, पोदेर येईलच.

बाकी, मेमध्ये पाणी कधी उतरतंय ते मामा सांगणार आहे. इथून कोणाला यायचं असेल तर सांगा, फोंड्याहून माझ्या गाडीत तिघांची जागा आहे, आजीला पुढे बसवायचंय.

खतखतें | २२ फेब्रुवारी, रात्री ८:४४

२,८६७ नळे. मी येतो. चालेल ना, काहीही लिहीत नसलो तरी?